वहिनी, पेंढी कुणाच्या खाचरातली?

वहिनी, भात घरात आलं. एका खेपेला नाही, तीन खेपांना आलं. आधी वरच्या अंगाचं पिकलं, मग मधलं, आणि बांधाकडचं तर दसऱ्यापर्यंत हिरवंगार उभं होतं. इतकी वर्षं शेती केली, पण एकाच खाचरात तीनदा विळा घेऊन उतरायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. चौक गावच्या बाजाराला जाणारी माणसं रस्त्यावर थांबून विचारायची, "सामूभाऊ, यंदा गोधडी पेरलीस का रं?" त्यांना काय सांगणार? ह्या सगळ्याला कारण तू. लावणीच्या दिवसांत माणूस आजारीसुद्धा पडत नाही गं, आणि तू सरळ निघून गेलीस.

आषाढात तुला माती दिली, आता कार्तिक लागला. चार महिने मनातल्या मनात तुझ्याशी भांडून झालं. मार्था म्हणते, अवो, एकटेच काय पुटपुटता, लोक हसतात. म्हणून आज लिहायला बसलो. तुला एक गोष्ट सांगायची होती. वीस-बावीस वर्षं जिभेवर होती, पण तू असेपर्यंत ती काही बाहेर पडली नाही. तीच सांगायची आहे. पण सरळ मुद्द्यावर यायला मी काही पाळक नाही, तुला माझी सवय आहे.

तू आलीस तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. आई आमची आधीच गेलेली. घरात दादा, मी आणि एक मारकी म्हैस. तू खोपोलीकडून आलीस ती एक पत्र्याची पेटी घेऊन. पेटीत दोन लुगडी, पवित्र शास्त्राचं पुस्तक आणि फडक्यात बांधलेलं पायलीभर बियाणं. मी फडकं सोडून बघितलं तर राता. तांबडा भात. आम्ही कोलम लावणारी माणसं, पांढऱ्याशुभ्र तांदळाची मिजास असणारी. मी नाक मुरडलं. "हा कोण खातो?"

"ज्याला भूक हाय तो," तू म्हणालीस, आणि चुलीकडे वळलीस.

मला राग आला होता, कारण मला तेव्हा भूक लागली होती आणि ते तुला कळलं होतं.

त्याच उन्हाळ्यात आपण राब भाजायला गेलो. पालापाचोळा, शेण, वाळल्या फांद्या जमिनीच्या तुकड्यावर पसरून जाळायचं, पाऊस लागला की त्या राखेत बी टाकायचं, आणि तीन आठवड्यांनी रोपं उपटून, जुड्या बांधून खाचरात लावायची. ह्या रोपांनाच आपण आवण म्हणतो. ज्याचं आवण गेलं त्याचं साल गेलं. पुन्हा पेरून पुन्हा उगवेपर्यंत पाऊस काही कुणासाठी थांबत नाही. हे सगळं तुला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच तू कोपऱ्यात एक वाफा जास्तीचा भाजलास. त्यात तुझा राता टाकणार होतीस. मी विचारलं, "हा कुणाचा?"

"देवाचा."

"देवाला खाचर हाय का लावायला?"

"सगळीच त्याची हायत, भावजी."

बस्स, तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणालो, खाचर त्याचं असेल तर चिखलात त्यानं उतरावं, माझी कंबर कशाला मोडतोय? दादा हसत होता. तू हसली नाहीस. तू हात जोडून वाफ्यापाशी उभी राहिलीस आणि मोठ्यानं म्हणालीस, "प्रभू, हा तुझा. कुणाला पाठवायचं ते तू बघ." जणू त्याला निरोपच दिलास आणि मोकळी झालीस. मग पदर खोचून आमच्या वाफ्यांना लागलीस.

आणि माणसं यायची गं. दरसाल कुणी ना कुणी यायचंच. कुणाचं आवण सडलेलं, कुणाचं ओढ्यानं नेलेलं, कुणी माहेरी बाळंतपणात अडकून पेरायचंच राहून गेलेलं. तू कधी विचारलं नाहीस की कुठल्या जातीचे, कुठल्या देवाचे, मागच्या साली आमच्याशी बोलत होता की नव्हता. नामा पाटलानं बांधावरून दादाशी मारामारी केली होती, त्यालासुद्धा दिलंस. मी दातओठ खात जुड्या बांधत होतो. जुड्या मात्र माझ्याकडूनच बांधून घ्यायचीस, ही तुझी खोड.

मग कापणीचा सण. आपल्या गावात प्रभूला मानणारी ख्रिस्ती घरं चारच, पण आजूबाजूच्या वाड्या-पाड्यांतून माणसं यायची आणि ते कौलारू प्रार्थनाघर भरून जायचं. ज्यानं त्यानं आपल्या पिकाची पहिली पेंढी खांद्यावर आणायची, पुढं टेबलापाशी ठेवायची, आणि पाळकसाहेबांनी प्रत्येकाला विचारायचं, "पेंढी कुणाच्या खाचरातली?" माणूस आपलं नाव सांगायचा. सगळे 'आमेन' म्हणायचे. तू मात्र दरसाल सांगायचीस, "देवाच्या." पाळकसाहेब बिचारे चष्मा सावरून म्हणायचे, "खरं आहे बाई, पण घर कुठलं?" सगळं प्रार्थनाघर हसायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरी येताना मी चार पावलं पुढं चालायचो, तू माझी कुणी नाहीसच असं दाखवत.

दादा गेला त्या दिवसाचं मी लिहिणार नव्हतो. पण तो दिवस टाळून तुझ्याबद्दल काही सांगता येत नाही. तापानं पाच दिवसांत गेला. मूल नाही, बाळ नाही, आणि तू तिशीच्या आतली. माती देऊन आलो, माणसं पांगली, आणि मी ओसरीवर बसून तुला नको ते बोललो. "कुठाय तुझा देव? बघतो, बघतो म्हनतेस ना, काय बघितलं त्यानं?" तुझा भाऊ तुला न्यायला आला होता, तो माझ्या अंगावर धावून आला. तू त्याला थांबवलंस. डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "बघितलं की. तुमाला ठेवलंय ना मला. आणि मला तुमाला." भावाला जेवायला वाढलंस आणि दुसऱ्या दिवशी त्याला एकट्यालाच परत पाठवलंस.

वहिनी, त्या एका वाक्यानं मी माणसात राहिलो. नाहीतर मी दारूला लागलो असतो, हे मला माहीत आहे आणि तुलाही माहीत होतं. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हणालो नाही, म्हणून आज म्हणतो.

आता ती गोष्ट.

दादा गेल्यावर दोन वर्षांनी मी डोंगराच्या पायथ्याचा माळ फोडायला घेतला. आठवतं ना? नुसते दगडगोटे. दोन उन्हाळे मी पहार चालवली, दगड वेचून बांध घातला, पाणी अडवलं. हाताला घट्टे, खांद्याला गाठी. दादाची दोन खाचरं वडिलार्जित होती, हे तिसरं माझं. मी गावभर सांगत सुटलो होतो, यंदा कापणीच्या सणाला माझ्या खाचरातली पेंढी मी नेणार आणि पाळकसाहेबांनी विचारलं की छाती काढून सांगणार, माझ्या! तुझ्या 'देवाच्या'ला तेच माझं उत्तर होतं.

पण मी हिशोबात चुकलो. तीन खाचरांना पुरेल एवढं कोलमचं बी टाकलंच नव्हतं. लावणीला उतरलो तर ध्यानात आलं, की दादाची दोन खाचरं होतील, माझं रिकामं राहणार. दोन वर्षांची मेहनत, गावभर मारलेल्या बढाया, आणि खाचर उघडं! आणि तिकडं कोपऱ्यात तुझा देवाचा वाफा कसा, भरगच्च, वाऱ्यावर डुलतोय. त्या साली अजून कुणीच आलं नव्हतं. मी मनाशी म्हणालो, देवानं यंदा कुणाला पाठवलेलं दिसत नाही.

तू चौकच्या बाजाराला गेलीस तेवढ्यात मी तो वाफा उपटला. सगळा. जुड्या बांधल्या, माझ्या खाचरात नेल्या आणि दुपारपर्यंत एकट्यानं लावून मोकळा झालो. तू आलीस, वाफ्यापाशी थांबलीस.

"भावजी, हितलं आवण?"

"खेकड्यांनी खाल्लं."

"सगळं?"

"सगळं. यंदा खेकडं लई माजल्यात."

वहिनी, खेकडा रोप कातरतो. बुडखे तसेच चिखलात उभे राहतात. तो मुळासकट उपटून, जुड्या बांधून, वाफा साफ करून जात नाही. त्या चिखलात माझ्या पावलांचे ठसे होते, उजव्या पायाच्या वाकड्या अंगठ्यासकट. मी जन्मल्यापासून शेतात वाढलेला माणूस, आणि मला त्या वेळी ह्यातलं एकही सुचलं नाही. तू त्या ठशांकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि म्हणालीस, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाकरवाडीची बुधी आली. डोक्यावर रिकामी पाटी. डोंगरावरून ओढा फुटून तिचा राबच वाहून गेला होता. नवरा पाय मोडून घरात पडलेला, पोरं लहान. ती काही मागत नव्हती, नुसती उभी होती. देवानं पाठवलं होतं गं, एक दिवस उशिरा. किंवा मी एक दिवस आधी हात मारला होता. तू तिला बस म्हणालीस, चहा दिलास, आणि पदर खोचून सरळ आपल्या कोलमच्या वाफ्यात उतरलीस. दादाच्या खाचराचं आवण उपटायला लागलीस. मी धावत आलो आणि बांधावरच अडलो. 'ते आपलं हाय' म्हणालो तर 'देवाचं कुठं गेलं' हा प्रश्न आलाच. तू वर न बघता म्हणालीस, "भावजी, उभे का? जुड्या बांधा." मी बांधल्या. पाटी भरेपर्यंत बांधल्या, आणि बुधीच्या डोक्यावर चढवूनही दिली.

म्हणजे झालं काय, तर मी एक वाफा चोरला आणि तू एक वाफा देऊन टाकलास. माझं खाचर लागलं, दादाच्या खाचराचा एक कोपरा उघडा राहिला. सगळा उपद्व्याप करून मी होतो तिथंच.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण दसऱ्याच्या सुमारास लोंब्या बाहेर पडल्या. शेजारीपाजारी सगळीकडे कोलम, पिवळट-हिरवा. आणि डोंगराच्या पायथ्याशी माझं खाचर तांबडं! रोपं असताना काही कळत नाही गं, हिरवं ते हिरवं. तुझा राता मी नाक मुरडून कधी नीट बघितलाच नव्हता, तो वाफा रात्याचा आहे हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. आख्ख्या गावाला ठाऊक, राता फक्त वहिनीच्या देवाच्या वाफ्यातून येतो. मी महिनाभर त्या रस्त्यानं मान वर करून चाललो नाही.

तू बोलली नाहीस. ना त्या दिवशी, ना त्या महिन्यात. मी रोज वाट बघायचो, आज बोलेल, आज ताटावर बसलो की बोलेल. तू मासळीचा तुकडा माझ्याच ताटात वाढायचीस आणि म्हशीचं काहीतरी बोलायचीस. कापणीच्या सणाला तूच माझ्या खाचरात गेलीस, तांबडी पेंढी कापलीस, नीट बांधलीस आणि माझ्या खांद्यावर दिलीस. "तुमी मेहनत केली, तुमीच न्या." पाळकसाहेबांनी विचारलं, "पेंढी कुणाच्या खाचरातली?" छाती काढून सांगायचं ठरवलं होतं ना? आवाजच फुटेना. कसंबसं म्हणालो, "माझ्या." सगळे 'आमेन' म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज तुझा होता.

तेव्हापासून सांगायचं राहिलं. माझं लग्न ठरलं तेव्हा सांगणार होतो. मार्थाला पहिलं पोर झालं आणि तू सात रात्री जागलीस, तेव्हा सांगणार होतो. मागल्या साली तुझ्या डोळ्यांसाठी टेंपोनं कर्जतला निघालो होतो, तेव्हा तर सुरुवातसुद्धा केली. म्हणालो, "वहिनी, त्या साली ते खेकडं..." तू म्हणालीस, "भावजी, जरा सरका, मला वारा लागू द्या." आणि मला इतकं हायसं वाटलं की मी सरकलो आणि गप्प बसलो. तुला कळलं होतं का, मी काय सांगणार होतो ते? चार महिने हेच विचारत होतो तुला.

आता ह्या आषाढाचं ऐक. शेवटचं तुला माहीत नाही.

यंदा पाऊस सुरुवातीलाच इतका कोसळला की अर्ध्या गावाचं आवण कुजलं. देवाचा वाफा दोन दिवसांत संपला. मग तू आपल्या वाफ्यांना हात घातलास. मी म्हणालो, बस. तू आणखी दिलंस. मग माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आपलं ते शेवटचं भांडण, त्यातला माझा एक एक शब्द मला टोचतो. "आता सालभर खायचं काय? तुझी प्रार्थना?" तू चिखलाच्या हातानं घाम पुसलास, गालाला चिखल लागला, आणि हसून म्हणालीस, "बघू की, तो काय करतो."

तिसऱ्या दिवशी तुला ताप भरला. मी तुला उचलून रस्त्यापर्यंत आणलं, टेंपो गाठला, कर्जतच्या दवाखान्यात आठ दिवस तुझ्या उशाशी बसलो. तेव्हा घाईत कुंपणाचं कवाड उघडं टाकून धावलो होतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मार्था पोरांना घेऊन दवाखान्यात ये-जा करत होती, शेताकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तुला माती देऊन घरी आलो, संध्याकाळी वाफ्यांकडे गेलो, तर उरलंसुरलं आवण गुरांनी फस्त केलेलं. एक काडी नाही. तिन्ही खाचरं पाण्यानं भरलेली आणि लावायला काही नाही. मी बांधावर बसलो आणि तुझ्यासाठी रडलो, की भातासाठी, ते मला अजून सांगता येत नाही. तुझ्या देवाला म्हणालो, बघतोस ना? बघ आता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्थानं मला हाका मारून उठवलं. "अवो, खाचरात माणसं हायत."

मला वाटलं, कुणाची गुरं परत शिरली. काठी घेऊन धावलो. बघतो तर बांधाबांधानं माणसं चाललेली आणि प्रत्येकाच्या डोक्यावर आवणाच्या जुड्या. नामा पाटील, ह्या वयात, गुडघाभर चिखलात. मोहोपाड्याच्या कारखान्यातनं पाळी संपवून आलेली जवान माणसं, विजारी वर दुमडून, डोळ्यांत झोप. आजकाल लावणीला मजूर म्हणून माणूस मिळत नाही वहिनी, आणि ही सगळी न बोलावता आलेली. ठाकरवाडीवरनं बुधी, तिच्या सुना. म्हातारीनं डोक्यावरची पाटी माझ्या खाचराच्या बांधावर उतरवली आणि न विचारता आत शिरली.

मी नामा पाटलाला म्हणालो, "पाटील, तुमचं आवण तर कुजलं व्हतं. हे कुठलं?"

"आमच्या वरच्या वाफ्यातलं."

"वरचा वाफा कुठला?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की ह्याला एवढंही ठाऊक नाही. "वयनीचा वाफा रं. तिचं बघून आमीबी टाकतो एक जास्तीचा. धा-बारा वर्सं झाली. कुनाला लागलं तर द्यायचा. यंदा आमचं लावून उरलं ते ह्ये." मागून दुसरा म्हणाला, "आमच्यात बी हाय." तिसरी म्हणाली, "आमी उंच अंगाला टाकतो, तो कुजला नाय." मी वेड्यासारखा एकेकाला विचारत सुटलो. ज्याला विचारावं तो म्हणे, वयनीचा वाफा! कुणी त्याला गावदेवीच्या नावानं टाकतो, कुणी आईच्या नावानं, पण बोलताना सगळे म्हणतात वयनीचा वाफा. आख्ख्या शिवारात तुझे वाफे होते आणि शेजारी राहून मला एकाचा पत्ता नव्हता! मी बारा वर्षं घरात बसून भांडत होतो, की असं देऊन काय होतंय!

दुपार कलायच्या आत तिन्ही खाचरं लागली. कुणी भाकर घेऊन आलं होतं, कुणी सुकट. बांधावर बसून सगळे जेवले. मी हात जोडले तर नामा पाटील डाफरला, "हात कशाला जोडतोस, जुड्या आन!" हुबेहूब तू. मी हसलो गं. तू गेल्यावर पहिल्यांदा हसलो, आणि मग तिथंच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणालो, "प्रभू, बघितलंस!" मला लाज वाटली नाही.

म्हणून यंदा गोधडी. वीस घरांचं आवण, वीस तऱ्हा. कुणाचा कोलम, कुणाची नवीन सुधारलेली जात, कुणाचं हळवं, लवकर पिकणारं, कुणाचं गरवं, उशिराचं. मी एक दाणा दुसऱ्या जातीचा मिसळू न देणारा माणूस, आता कापायला तीनदा उतरतोय आणि दरखेपेला 'वहिनी, वहिनी' करतोय. आणि माझ्या खाचरात, बरोबर मधोमध, एक पट्टा तांबडा. बुधीचा. त्या चोरीच्या पुढच्या साली तू तिला देवाच्या वाफ्यातला राता दिला होतास ना, ती म्हातारी तेव्हापासून त्याचं बी राखून आहे.

तो पट्टा कापायला मी तिला बोलावलं. म्हणालो, तू लावलास, तूच विळा घाल. दोघं वाकून कापत होतो. तुला सांगता आलं नाही ते मी तिला सांगितलं. "बुधे, त्या साली तू रिकामी पाटी घेऊन आली व्हतीस. तुझ्या वाट्याचं आवण मी चोरलं व्हतं. खेकड्यांनी नाय खाल्लं."

म्हातारीनं विळासुद्धा थांबवला नाही. "ठावं हाय."

"कुनी सांगितलं?"

"बाईनी. तवाच, चा पिताना. मी बोलले, मंग त्याला बोलत का नाय? तर बाई हसली. बोलली, भावजीनं देवाचा आवण देवाच्याच खाचरात नेऊन लावला. मंग चोरी कशी व्हईल? त्याला समजल तवा समजल."

मी बांधावर बसलो. बुधी कापत राहिली. बावीस वर्षं मी जे ओझं वागवत होतो, ते तू दुसऱ्याच दिवशी, एका कप चहात, उतरवून ठेवलं होतंस. आणि मला सांगितलं नाहीस! बायकांच्या जातीला काय म्हणावं! बुधीला सांगितलंस, मला नाही सांगितलंस! भांडायला हवं होतं ह्यावर, चांगलं दोन दिवस पुरलं असतं.

काल रविवारी कापणीचा सण झाला. तांबडी पेंढी मीच नेली. मार्था म्हणाली, कोलमची न्या, दिसायला बरी. मी म्हणालो, हीच. बुधीला म्हणालो, तूही चल, ती नवं लुगडं नेसून आली आणि मागच्या बाकावर पोरांना दटावत बसली. नामा पाटील दारात उभा होता, चपला काढून. प्रार्थनाघर काठोकाठ भरलं होतं. नवे पाळकसाहेब तरुण आहेत, त्यांना आपली जुनी कथा ठाऊक नाही. त्यांनी मला विचारलं, "पेंढी कुणाच्या खाचरातली?"

ह्या वेळी आवाज फुटला. छाती काढून, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"देवाच्या."

कुणी हसलं नाही, वहिनी. पाळकसाहेबांनी वहीतून मान वर केली. "खरं आहे, पण घर कुठलं?"

मी म्हणालो, "वहिनीचं."

आणि मग जो 'आमेन' झाला, तो तुला तिथं ऐकू आला नसेल तर मी परत येऊन म्हणायला लावतो सगळ्यांना. दारातून नामा पाटीलसुद्धा म्हणाला.